नाच आपला, मग पडदाही आपल्याच चौकात हवा

कापसाचा भाव आणि केळीचा पीकविमा यांवर या पानात नेहमीच लिहिलं जातं, पुढेही लिहिलं जाईल. आज मात्र एक वेगळा विषय तुमच्यापुढे आणि तुमच्या सरपंचांपुढे ठेवतो आहे. विषय नाचाचा आहे. हसू नका, आधी ऐकून तर घ्या.

गेल्या उन्हाळ्यात पांझराकाठच्या एका गावी पाहुणा म्हणून गेलो होतो. दिवस मावळला तसं शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणलेली दिसली. कॉलेजात जाणाऱ्या चार पोरांनी शाळेचा प्रोजेक्टर मागून आणला होता. मला वाटलं क्रिकेटचा सामना असेल. पण पोरांनी लावल्या नाचाच्या फिल्मा, पाच-पाच मिनिटांच्या. एक कानबाईच्या मिरवणुकीतल्या फुगड्यांची, एक सातपुड्यातल्या पावरा मंडळींच्या नाचाची, एक लग्नातल्या वाजंत्र्यांपुढच्या नाचाची आणि शेवटी दोन अहिराणी गाण्यांच्या. कानबाईची फिल्म त्याच गावची होती, आदल्या श्रावणात मोबाईलवर घेतलेली. ती सुरू झाली मात्र, पुढून एक पोरगी ओरडली, "हाई ते मन्ही आजी शे!" सगळा चौक हसला. आजीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण नजर काही पडद्यावरून हलली नाही. माझ्या शेजारी बसलेली दुसरी म्हातारी हळूच म्हणाली, "आम्ही नाचनूत तवय कोणी फोटू काढा नही, भाऊ."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. म्हणून हा लेख.

तसं पाहिलं तर कॅमेरा आणि नाच यांची दोस्ती जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली. त्याच काळात अमेरिकेत आणि युरोपात नर्तकींच्या मिनिटभराच्या फिल्मा निघत होत्या. आपल्या देशात उदय शंकर यांनी १९४८ साली 'कल्पना' हा नृत्यावर उभा असलेला अख्खा चित्रपट काढला. त्याच साली सरकारची फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिचे माहितीपट दाखवावेच लागत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ती संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. जत्रेतले तंबूही विरळ होत गेले. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला. आपला तंबू पार कानला जाऊन आला, पण गावच्या जत्रेत तो आता दिसेलच असं नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. पुण्या-मुंबईच्या लग्नांतही लोक त्यावर नाचले. याचा मला अभिमान आहे, तुम्हालाही असेल. पण दोन गोष्टी बघा. एक, ही गाणी आपण एकेकटे बघतो, बांधावर बसून नाहीतर अंथरुणात पडून. दुसरी, ज्या नाचाला बाजार आहे तोच सारखा सारखा दिसतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जनाला बायका रस्ताभर फुगड्या घालत जातात. हे कोण बघणार आणि कोण जपणार? त्या आजीची फुगडी तिच्याबरोबरच जाणार का?

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. होळीआधीच्या आठवड्यात चोपडा, यावल, शिरपूर भागात सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार भरतात. मोठमोठे ढोल येतात, पावरी आणि बासरी वाजते, रंगीत कपड्यांत बाया-माणसं फेर धरतात. हा होळीच्या खरेदीचा आणि भेटीगाठींचा बाजार. पण बाहेरचे लोक येतात, मोबाईलवर नाच टिपतात आणि वर खुशाल लिहितात, 'आदिवासींचा लग्नाचा बाजार'. हे खोटं आहे, असं आदिवासी समाजातले शिकलेले लोक वर्षानुवर्षं ओरडून सांगत आहेत. नाच त्यांचा, फिल्म दुसऱ्याची आणि नाव ठेवणार तिसराच! ज्यांचा नाच, त्यांना ती फिल्म कधी दाखवली जाते का? त्यांना विचारलं तरी जातं का?

आणि विचारणं ही काही मेहरबानी नाही, कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन कलावंताचा हक्क आला. त्या व्याख्येत गायक आहे, वादक आहे, नर्तक आहे, अगदी सापाचा खेळ करणारा गारुडीसुद्धा आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याची कला टिपणं हा हक्कभंग ठरू शकतो. हा हक्क ५० वर्षं टिकतो. पेसा कायदा १९९६ चा. अनुसूचित क्षेत्रात आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे, असं तो स्पष्ट म्हणतो. धुळे जिल्ह्यात साक्री व शिरपूर तालुक्यांचा काही भाग आणि जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेरचा काही भाग या क्षेत्रात येतो. तेव्हा तिथल्या सरपंचांनी हा अधिकार कागदावर ठेवू नये.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. प्रत्येक गावानं वर्षातून एक संध्याकाळ आपल्या नाचाच्या फिल्मांसाठी ठेवावी. श्रावणात कानबाई, भाद्रपद-आश्विनात गुलाबाई, फाल्गुनात होळी आणि भोंगऱ्या, असं वर्षभर गावच्याच पोरांनी टिपावं. पाच मिनिटांपेक्षा मोठी फिल्म नको. नाचणाऱ्यांना आधी विचारावं, त्यांचं नाव पडद्यावर घालावं, नको म्हणाले तर सोडून द्यावं. आणि आखाजीच्या सुमारास दाखवावं. का? तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडाला झोके बांधलेले असतात, कपाशीची वेचणी उरकलेली असते आणि पावसाची भीती नसते.

खर्च किती? चादर घरची, प्रोजेक्टर शाळेचा असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी, नसेल तर एका रात्रीचं भाडं. लाऊडस्पीकरची लेखी परवानगी काढावी आणि रात्री दहाच्या आत आटोपावं. दहा ते सकाळी सहा बंदी आहे, ती पाळावीच. दुसऱ्या कुणाची फिल्म दाखवायची तर त्याला विचारावं. आणि तारीख ठरवताना शेतीच्या लाईटीचा आठवडा बघावा. रात्रपाळी असेल तर निम्मे शेतकरी मोटारीजवळ बसतील आणि पडद्यापुढे फक्त पोरं-सोरं राहतील. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो, त्यांनी एवढं जमवलं तरी पुष्कळ.

काही जण म्हणतील, "कापसाला भाव नाही आणि तुम्हाला नाच सुचतो!" रास्त आहे. चादरीवरचा नाच बघून भाव वाढणार नाही, हे मलाही कळतं. पण भाव नव्हता तेव्हाही कानबाईचे रोट झाले, दुष्काळातही होळी पेटली. नाच हा काही पोट भरल्यावरचा चाळा नाही. गाव एकत्र येण्याची ती आपली जुनी रीत आहे. आज गाव एकत्र येतं ते निवडणुकीला, नाहीतर मयतीला. डीजेच्या आवाजात तर शेजारी काय म्हणतो तेही ऐकू येत नाही. एक संध्याकाळ सगळ्या आळ्यांतले, सगळ्या जातींचे लोक एकाच चादरीकडे तोंड करून बसले आणि एकमेकांच्या आज्यांना ओळखून हसले, तर ते थोडं आहे का?

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडून बघा. ठराव दोन ओळींचा आहे. तुमच्या गावात आज सत्तरीची जी बाई फुगडी घालते, ती पुढच्या श्रावणात घालेलच याची खात्री कोण देणार? म्हणून म्हणतो, ठरावाची वाट बघू नका. मोबाईल खिशात आहेच. आधी आजीला विचारा, मग काढा.