शब्द धरायचा की जागा?

“तू ते जाहिरातीचंच शिकतेस ना? मग आपली जाहिरात टाक की मोबाइलवर.” सुट्टीत निरगुडसरला गेलं की हे वाक्य ठरलेलं. मास कॉमचा अभ्यासक्रम आणि तात्यांच्या शेतातल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या यांचा संबंध काय, हे समजावत बसण्यापेक्षा जाहिरात टाकणं सोपं. म्हणून टाकली. तुमच्यावरही ही वेळ आलीच असेल. कुणाच्या मामाची रोपवाटिका, कुणाच्या आत्याचा घरगुती मसाला. घरात कॉलेजला जाणारं कुणी असलं की मार्केटिंग खातं त्याच्याकडेच येतं. खर्च होणारे पैसे मात्र आपले नसतात. म्हणून जरा नीट बोलू या.

तात्यांनी तीन हजार दिले. मी पॉप-अप जाहिराती घेतल्या, कारण त्या स्वस्त. आपण एखादं पान उघडतो आणि वर किंवा मागे भलतीच खिडकी उघडते ना, त्याच. कॅम्पेन लावताना पहिला प्रश्न येतो: कीवर्डवर लावायची की सोर्सवर? कीवर्ड म्हणजे शब्द. तो ज्या पानावर किंवा पानाच्या पत्त्यात सापडेल तिथे जाहिरात उघडणार. सोर्स म्हणजे जागा. कुठल्या साइटवर दिसायचं आणि कुठे मुळीच नाही, ते आपण सांगायचं.

मी शब्द धरले. जुन्नर, आंबेगाव, शिवनेरी. जुन्नर 2018 साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झालेला, शिवनेरी तर शाळकरी पोरालाही माहीत. यात चुकणार काय?

सगळंच चुकलं. ‘शिवनेरी’ हा किल्ला आहे, तशी एसटीची पुणे-दादर गाडीही आहे. ‘आंबेगाव’ आपला तालुका, पण पुण्यात कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुकही आहे. आणि ‘जुन्नर’ हा शब्द बातम्यांत हल्ली कशासोबत येतो, ते तुम्हाला सांगायला नको. खाली बिबट्याच्या हल्ल्याची बातमी आणि वर आमची खिडकी: ‘शेतात मुक्काम करा, चांदण्यात जेवा.’ तात्यांना पहिला फोन आला तो वन बीएचकेचं भाडं विचारणारा. दुसऱ्या एक बाई होत्या. “अहो, रात्री बिबट्या येतो का हो तिकडं?” तात्यांना खोटं बोलता येत नाही. “येतो कधीमधी,” म्हणाले. फोन कट.

मला वाटतं, इथे आपण सगळेच एक गल्लत करतो. गूगलने 2000 साली शोधाच्या जाहिराती विकायला सुरुवात केली आणि ‘कीवर्ड म्हणजे गिऱ्हाईकाच्या मनातली गोष्ट’ हे डोक्यात पक्कं बसलं. शोधताना ते खरंच आहे; ‘जुन्नरला राहायची सोय’ असं कुणी टाइप केलं तर त्याला खोली हवीच आहे. पॉप-अपमध्ये मात्र शब्द बहुतेक वेळा त्या पानाचा असतो, माणसाचा नाही. पानावर ‘जुन्नर’ लिहिलंय, एवढंच यंत्राला कळतं. वाचणाऱ्याला तिथे जायचंय की तिथून पळायचंय, ते त्याला कुठून कळणार? त्यात आपण टोमॅटो, टोमाटो, टमाटे असं एकच गोष्ट हवी तशी लिहिणार, आणि निम्म्या वेळा इंग्रजी अक्षरांत. शब्दांची यादी कितीही वाढवा, गाळणी फाटकीच राहते.

गंमत म्हणजे पॉप-अपचा जन्मच ‘जागे’च्या भानगडीतून झाला. 1990 च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाच्या साइटवर एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील विषयाच्या पानावर झळकली आणि कंपनी हादरली. तोडगा म्हणून तिथल्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला, म्हणजे जाहिरातीचा आणि पानाचा संबंध नको. 2014 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. खिडकी वेगळी झाली, पण संबंध काही तुटला नाही. चोरीचा सिनेमा उतरवताना जे उघडतं ते आपण त्याच माळेतलं समजतो, मग ते तात्यांच्या खोल्या का असेनात.

म्हणून माझं मत: छोट्या धंद्याने आधी जागा ठरवावी. आपल्याकडे हे नवीन नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येऊन सुपारी देतात. फडमालक प्रत्येक गावात ओरडत फिरत नाहीत. गिऱ्हाईक जिथे येतं तिथे बसतात.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. चांगली जागा कुठली, हे सुरुवातीला माहीत नसतं. तेवढ्या टेहळणीपुरता कीवर्ड कामाचा आहे. थोडे पैसे शब्दांवर लावा, मग रिपोर्टमध्ये कुठल्या सोर्सवरून फोन आले ते बघा. घाई करू नका. समजा एका बुकिंगमागे 300 रुपये परवडत असतील, तर 20 रुपयांत फोन आला नाही म्हणून सोर्स बंद करणं म्हणजे पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी उकरून बघणं. पण याच हिशेबाने 3,000 रुपयांत दहाच जागा नीट तपासून होतात. मी ते शेकडो सोर्सवर उधळले होते. हिशेब आधी केला असता तर बरं झालं असतं, पण तेव्हा रिझल्टची घाई होती.

दुसरं म्हणजे, बरीच नेटवर्क साइटचं नाव न देता नुसता आकडा देतात. नाव विचारा, नाही मिळालं तर पैसे लावू नका. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातींवर बंदी आली आहे. त्या जिथे अजून दिसतील ती जागा ब्लॅकलिस्टमध्ये टाका. आणि पॉप-अपचा फार मारा करणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम ब्राउझर 2018 पासून अडवतोच, म्हणजे तुमचे काही पैसे तसेही पाण्यात.

माझ्या पसाऱ्यातून एकच बुकिंग झालं. ठाण्याचं कुटुंब, एक रात्र. रिपोर्ट चाळून पाहिलं तर ते बसचं वेळापत्रक दाखवणाऱ्या साइटवरून आले होते, म्हणजे ज्या ‘शिवनेरी’ला मी चूक म्हणत होते त्याच शब्दामुळे. ती साइट मला आयुष्यात सुचली नसती. आता तीनही शब्द काढून टाकलेत. यादीत ती एक आणि ट्रेकिंगच्या दोन साइट आहेत. उरलेल्या अकराशेपैकी प्रत्येकीला 300. राहिलेले 200 तात्यांनी परत मागून घेतले.