दोन दिवस लिहिण्याचे

आमच्या कन्हेरीत मार्च लागला की कुरडयांचे वार ठरतात. गहू कोणी भिजत घालायचे, चीक कोणाच्या चुलीवर शिजवायचा, सोऱ्या कोणाचा, गच्चीवर राखण कोणाची, हे सगळं दहा-बारा जणी ओट्यावर बसून पाच मिनिटांत ठरवतात. वही नाही, सभा नाही, अध्यक्षही नाही. म्हणून परवा बोलता बोलता "आपल्या बायकांसाठी दोन दिवसांचं लेखन शिबिर घेता येईल का हो बाई?" असा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं, कुरडयांसारखं घेतलं तर घेता येईल, सभेसारखं घ्यायचं असेल तर मला नका धरू.

विषय निघाला तो एका दूध डेअरीच्या पावत्यांवरून. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. पालकांच्या सभेनंतर एका मुलीची आई मागं रेंगाळली. सगळ्या गेल्यावर तिनं पदराच्या गाठीतून पावत्यांची एक चळत काढली. प्रत्येक पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं. थोरल्या बहिणीला सहावीतून काढून शेळ्यांमागं धाडलं, त्या दिवसाची हकिकत होती ती. बहिणीचं दप्तर हिला मिळालं, आणि दप्तर मिळाल्याचा आनंद झाला याची लाज हिला अजून वाटते, एवढंच. "बाई, असलं चालतं का हो कुठं?" तिनं विचारलं. चालतं, असं मी म्हटलं खरं, पण कुठं चालतं ते मला पटकन सांगता आलं नाही.

नंतर आठवलं, ते उत्तर आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोडं पुढं फलटण. त्या फलटणला बेबीताई कांबळे राहत. लहानसं दुकान चालवायच्या. गिऱ्हाईक नसेल तेव्हा पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या, आणि वाचता वाचता स्वतः लिहायला लागल्या. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवायच्या. हे एक-दोन महिने नव्हे, वीसेक वर्षं चाललं होतं. भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आलेल्या मॅक्सिन बर्नसन यांना त्या लिखाणाचा पत्ता लागला, त्यांनी धीर दिला, आणि १९८२ साली ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः छापून आलं. १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. मराठीतल्या दलित स्त्रियांच्या अगदी पहिल्या आत्मकथनांत ते गणलं जातं. २००८ मध्ये माया पंडित यांनी ते इंग्रजीत नेलं. बेबीताई २०१२ साली गेल्या.

या हकिकतीतली वीस वर्षं मला टोचतात. लिहायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. अडलं होतं ते "दाखवा बघू" म्हणणारं माणूस भेटेपर्यंत. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि घरात काम करता करता त्या रचायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांच्या माघारी सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली गाणी पुस्तकरूपानं आली. सोपानदेवांना उतरवून घेण्याची सवय नसती तर? खानदेशात आणि आपल्या देशावर अशा किती जणींचं रचलेलं जात्याच्या पाळीवरच विरून गेलं असेल, त्याचा हिशेब कोण करणार!

तेव्हा मैत्रिणींनो, दोन दिवसांच्या शिबिरात लेखक घडतात यावर माझा विश्वास नाही. कथा कशी लिहावी याची पुस्तकं बाजारात मिळतात. शिबिरानं दोनच गोष्टी द्यायच्या, बाईला सलग वेळ आणि ऐकणारे कान. या दोन गोष्टी बाजारात मिळत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर आमची बारामती मोरोपंतांची. अठराव्या शतकात ते इथं नाईकांच्या वाड्यात पुराण सांगायला राहिले आणि हजारोंनी आर्या रचल्या. एकशे आठ रामायणं रचली म्हणतात. पंतांच्या प्रतिभेला माझा नमस्कार आहे, पण नाईकांचा आश्रय होता आणि घरात रांधायला दुसरं कोणी होतं, हेही विसरून चालत नाही. आपल्याला कोण नाईक भेटणार? एका शनिवार-रविवारपुरते आपणच एकमेकींचे नाईक व्हायचं.

आता व्यवस्थेचं बोलू, कारण शिबिर तिथंच बुडतं.

संख्या बारा-पंधरा. त्याहून जास्त झाल्या की वाचायला पाळी येत नाही आणि मागच्या जणी कुजबुजायला लागतात. वार म्हणाल तर शनिवारी दुपारी दोन ते सहा आणि रविवारी दहा ते पाच. रात्रीचा मुक्काम ठेवू नये, मुक्काम म्हटलं की निम्म्या जणींना घरून परवानगी मिळत नाही. दोन वेळचं दूध काढणं आणि डेअरीला घालणं ही आमच्याकडची मोठी अडचण. तिचा बंदोबस्त आठ दिवस आधी, नाव घेऊन, घरातल्या कोणावर तरी सोपवावा. "बघतील कोणी तरी" असं म्हणून निघालेली बाई चार वाजता उठून जाते, हे ठरलेलं.

कोणी सुचवलं, संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवं चालू असतात, त्यालाच जोडून घ्या, बायका आयत्या जमतील. मला नाही पटलं. हळदीकुंकवाला विधवा बायकांना अजून किती घरांतून बोलावणं जातं, तुम्हाला ठाऊक आहे. जिच्याजवळ सांगण्यासारखं सगळ्यांत जास्त, तिलाच दारातून परत लावायचं काय?

जागेचंही तसंच. कन्हेरीच्या मारुतीचं नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झालंय, निवडणुकीचे नारळ तिथं फुटतात म्हणून. मंडप गार, जागा मोकळी. पण देवळात म्हटलं की त्या चार दिवसांतल्या बायका घरी बसणार, आणि काय कारण ते सांगणारही नाहीत. त्यापेक्षा शाळेची खोली बरी. बाक बाजूला सारून सतरंज्या अंथराव्या. गोल बसावं, म्हणजे मागची रांग राहत नाही.

वर्गणी दीडशेच्या वर नको. रविवारी पिठलं-भाकरी आणि ठेचा, तोही घरून करून आणलेला. स्वयंपाकासाठी एकही बाई शिबिरातून उठता कामा नये, एवढा नियम करा आणि पाळा. मी मागं एका गावी अशाच मेळाव्याला गेले होते. पाहुण्यांचं भाषण पावणेदोन तास चाललं, मग सत्कार, मग आभार, आणि लिहायला म्हणून आलेल्या आम्ही बायका मागं चहाचे कप भरत होतो. उरलेल्या वीस मिनिटांत 'उत्स्फूर्त काव्यलेखन' झालं. तेव्हापासून मी शाल-श्रीफळ दिसलं की पिशवी उचलते. (नारळाचा उपयोग करायचाच तर वड्या करा, रविवारच्या चहाबरोबर चांगल्या लागतात.)

आता दोन दिवस करायचं काय? शनिवारी प्रत्येकीनं घरून एक वस्तू आणावी, मौल्यवान नको, जुनी हवी. गंजलेलं कुलूप, मोडकी किसणी, लग्नातला करंडा, सासऱ्यांचा चष्मा, काहीही. ती समोर ठेवून अर्धा तास लिहायचं, हात न थांबवता. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस' असे विषय देऊ नयेत. ते दिले की आपण सगळ्या पुन्हा सातवीच्या वर्गात जाऊन बसतो आणि ठरलेली वाक्यं आपोआप उतरतात. मी निबंध तपासते, मला माहीत आहे. कुलपाबद्दल मात्र पाठ केलेली वाक्यं नसतात. ते कोणत्या पेटीला होतं, किल्ली कोणाच्या कमरेला होती, किल्ली सुनेकडं कधी आली आणि आली तेव्हा पेटीत काय उरलं होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही बोलवा. लिहिणारीच्या शेजारी त्यांना बसवा. त्यांनी सांगायचं, हिनं उतरवायचं, आणि तेही जसंच्या तसं. "म्या म्हनलं" असेल तर "मी म्हणाले" करायचं नाही. बेबीताईंचं पुस्तक ज्या बोलीत आहे तीच त्याची ताकद आहे. एखाद्या आजीला ओव्या येत असतील तर रविवारची सकाळ तिच्या नावावर करा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा हजारावर गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, सीता, बाबासाहेब, त्यात काय नाही! पहाटे दळताना जे दिवसा बोलता येत नव्हतं ते बाया ओवीत घालत. आता गिरणी आली, पाठीवरचं ओझं गेलं, ते चांगलंच झालं. पण मन मोकळं करायची ती जागाही गेली.

वाचन मोठ्यानं करायचं. ऐकणारीनं "छान आहे" म्हणायचं नाही आणि चुकाही काढायच्या नाहीत. "इथपर्यंत मला डोळ्यांपुढं दिसत होतं, इथून दिसेनासं झालं", एवढंच सांगायचं. लिहिणारीला तेवढ्यात कळतं. मी मराठीची शिक्षिका असून सांगते, ऱ्हस्व-दीर्घ सोमवारी बघू.

आता खरी अडचण. एकीनं मला स्पष्ट विचारलं, "बाई, लिहायचं म्हटलं की घरचंच येतं. सासूबाईंचं लिहिलं आणि त्यांच्या कानावर गेलं तर? नांदायचं मला आहे." हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर नेऊ नये हे आपल्याला चालायला शिकण्याआधी शिकवलेलं असतं, आणि पेन उचललं की पहिला पहारा त्याचाच. बेबीताईंनी आपल्याच वस्तीतल्या सासवांनी कोवळ्या सुनांना कसं छळलं तेही लिहिलं. ते लिहिणं किती जड गेलं असेल! वह्या का लपवल्या हे त्यावरून समजतं.

मी तिला सांगितलं ते इथंही सांगते. लिहिणं वेगळं आणि छापणं वेगळं. लिहिताना काही लपवू नये, कारण लपवलेलं लिखाण मचूळ होतं. छापायचं की नाही ते सहा महिन्यांनी ठरवावं. नावं, गाव, नातं बदलता येतं, सासूची आत्या करता येते. आणि शिबिरात जे वाचलं ते खोलीबाहेर न्यायचं नाही, ही शपथ शनिवारी पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी घ्यावी. मोबाईल एका टोपलीत घालून टोपली खिडकीत ठेवावी. कोणाच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला तर ते लिखाण त्या बाईच्या घरी तिच्याआधी पोचतं, आणि पुढच्या शिबिराला ती येत नाही. नुसती तीच नव्हे, तिच्या आळीतली एकही येत नाही.

एक मात्र खरं, काही जणींना वाचताना रडू येईल. येऊ द्यावं. पाणी द्यावं, गप्प बसावं. लगेच आपली त्याच जातीची गोष्ट सांगायला सुरुवात करू नये, ही आपल्या बायकांची फार वाईट खोड.

पुढचं थोडक्यात. शिबिर संपलं की महिन्यातून एका दुपारी भेटावं, दोघींनी वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मासिकाला पाठवताना स्वतःजवळ प्रत ठेवावी. दिवाळी अंकाला पाठवायचं तर उन्हाळ्यातच पाठवावं, गणपतीनंतर अंक भरलेले असतात. 'प्रातिनिधिक संग्रहात तुमची कविता घेतो, एवढे पैसे पाठवा, सन्मानपत्र देतो' अशी पत्रं येतील, त्यांच्या नादी लागू नये. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांना अनुदान देण्याची योजना आहे, तिची चौकशी करावी. आपलं सरकारी काम म्हणजे वेळ लागायचाच. पण अर्ज करायला काय जातं? १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ग्रंथकारांना पहिल्यांदा एकत्र बोलावलं, तिथून २०२५ च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत अठ्ठ्याण्णव संमेलनं झाली आणि त्यांत अध्यक्षपदी स्त्रिया आल्या सहा. कुसुमावती देशपांडे यांच्यापासून ताराबाई भवाळकरांपर्यंत. म्हणजे आपल्याला वाट बघायची सवय आहेच.

पावत्यांवर लिहिणाऱ्या त्या बाईला मी शाळेतली एक जाड वही दिली. तिनं ती घेतली, पण परवा भेटली तेव्हा पुन्हा पावत्याच. म्हणाली, वही दिसते, पावत्या कोणी बघत नाही. शिबिराला ती येणार आहे. तिच्या सासूबाईही येणार म्हणतात, त्यांना ओव्या येतात! दोघींना एकाच गोलात पण समोरासमोर बसवू नये, एवढं मी ठरवून ठेवलं आहे.

आणि आमचे हे विचारत होते, पुरुषांनी यायचं का? मी सांगितलं, रविवारी चारनंतर जिला वाचावंसं वाटेल तिचं ऐकायला या. पण शनिवार संध्याकाळच्या धारा काढून, दूध डेअरीला घालून, पावती जपून घरी आणायची.