आरोग्यविचार : जलोदर

घरांतील एखाद्या प्रौढ माणसाचे हातपाय वाळत चालले आणि पोट मात्र वाढूं लागलें, म्हणजे वडील मंडळी त्यास पाणी कमी पिण्यास सांगतात. हेतु चांगला असला तरी उपाय बहुधा चुकीचा ठरतो. कारण दोष प्यालेल्या पाण्याचा नसतो.

आंतडीं व प्लीहा यांतील रक्त एका मोठ्या शिरेनें यकृतांत येतें. यकृत निबर होऊन त्यांत गांठी पडल्या, कीं रक्ताची वाट अडते, शिरेंतील दाब वाढतो व द्रव उदरांत झिरपतो. रक्तांत पाणी धरून ठेवणारें अल्ब्युमिन यकृतच तयार करतें. तेंही कमी पडतें. त्यांतच शरीरांत रक्त अपुरें आहे अशा समजुतीनें मूत्रपिंडें मीठ राखून ठेवतात, आणि मिठामागून पाणी येतें.

म्हणून मुख्य पथ्य मिठाचें. दिवसाकाठीं एकंदर सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. लोणचें, पापड, सांडगे यांतील मीठ त्यांतच धरावें. उपवासाचें सैंधव हेंही मीठच होय. पाणी तोडणें तें रक्तांतील सोडियम फार उतरल्यास, व डॉक्टरांनीं सांगितल्यासच. वरण, दूध, दहीं बंद करूं नये. रोगी आधींच क्षीण झालेला असतो. वेदनाशामक गोळ्या मनानें देऊं नयेत.

पोट टोचून पाणी काढण्याची क्रिया सुश्रुतसंहितेंतही वर्णिली आहे. आज त्या पाण्याची तपासणीही होते, व ती टाळूं नये. कारण क्षय, कर्करोग किंवा हृद्रोग यांनींही जलोदर होतो.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. यकृताचें दुखणें म्हणतांच ‘पीत असेल’ अशी कुजबूज होते, आणि तिच्या भयानें दुखणें झांकलें जातें. मद्य हें मोठें कारण खरें. परंतु हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’ यांचे विषाणु, तसेंच मधुमेह व स्थूलता यांसवें यकृतांत सांचणारी चरबी, यांनीं मद्यास कधीं न शिवलेल्या माणसांचेंही यकृत निबर होतें. ‘बी’ विषाणु आढळल्यास घरांतील सर्वांनीं रक्त तपासून घ्यावें. ज्यांस संरक्षण नाहीं त्यांस लस मिळते. आणि व्यसन असलेंच, तरी तो रोगीच आहे; मद्य सुटल्यास पुष्कळदां यकृत सांवरतें.

ताप, पोटदुखी, भ्रम, रक्ताची उलटी किंवा काळा शौच, यांपैकीं कांहींही दिसल्यास उद्यांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. अशा वेळीं लौकिकाची चिंता करणें म्हणजे माणूस गमावणें होय.