माउस हाताच्या मापाचा हवा

सातारा-सांगलीकडे कॉम्प्युटर घ्यायला गेलेला माणूस प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, वॉरंटीवरून दुकानदाराशी हुज्जत घालतो. माउसची पाळी आली की म्हणतो, "द्या कुठलाही, त्यात काय बघायचं?" सेतू केंद्रात सातबारा नि आठ-अ काढून देणारे ऑपरेटर, कुपवाड एमआयडीसीत कॅडवर ड्रॉइंग करणारी पोरं, डीटीपी करणाऱ्या बायका, पतसंस्थेतले कारकून या सगळ्यांचा हात दिवसभर ज्या वस्तूवर असतो, ती सगळ्यात शेवटी आणि उरल्यासुरल्या पैशांत घेतली जाते. या बेफिकिरीच्या मुळाशी काही पक्के समज आहेत. त्यांचा समाचार आधी घेऊ.

माउस इथूनतिथून सारखेच, हा पहिला समज. मिरजेचे कारागीर गाणाऱ्याची पट्टी बघून मर्दानी आणि जनानी तंबोरा वेगवेगळ्या मापाचा घडवतात. वाद्य वापरणाऱ्यागणिक बदलतं हे ज्या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याने माउसला मात्र माप नसतं असं म्हणावं, हे नवलच. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून पाहा. कुणाचा हात 16 सेंटीमीटर भरेल, कुणाचा 20. लॅपटॉपच्या बॅगेत टाकायचा चपटा, छोटा माउस मोठ्या हाताखाली आला की बोटं आखडतात आणि तळवा अधांतरी राहतो. मोठा माउस लहान हाताखाली आला, तर बटण दाबायला बोटं ताणावी लागतात. दिवसातून दहा क्लिक करणाऱ्याला हे जाणवणार नाही. सातबाऱ्यांची रांग संपवणाऱ्याला संध्याकाळी जाणवतं.

दुसरा समज दोन तोंडांनी बोलतो. एक तोंड म्हणतं, "हात दुखतो ते वयामुळे, माउसचा काय संबंध?" दुसरं म्हणतं, "माउस धरला की मनगटाची नस दबणारच, ऑपरेशन ठरलेलं." दोन्ही खोटं. डेन्मार्कमध्ये सुमारे 7,000 तंत्रज्ञांची वर्षभर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2003 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त माउस चालवणाऱ्यांमध्ये हाताला मुंग्या येणं, बधिरपणा येणं यांचा धोका वाढलेला दिसला. कीबोर्डबाबत तसा संबंध दिसला नाही. पण कॉम्प्युटरमुळे मनगटाची नस दबण्याचा गंभीर धोका आहे, असं म्हणण्याइतका पुरावाही संशोधकांना मिळाला नाही. सहा दिवसांच्या आठवड्यात 20 तास म्हणजे रोजचे जेमतेम साडेतीन तास. आपल्याकडचे कितीतरी ऑपरेटर ही हद्द दुपारच्या डब्यापर्यंतच ओलांडतात. घाबरून जाऊ नये, पण दुर्लक्षही करू नये, एवढाच याचा अर्थ.

तिसरा समज ट्रॅकबॉलबद्दलचा. माउस जागेवर स्थिर आणि वरचा गोळा बोटांनी फिरवायचा, हे पाहून लोक हसतात, 'नवं फॅड' म्हणतात. खरं तर ट्रॅकबॉल माउसहून वयाने मोठा. ब्रिटिश नौदलासाठी राल्फ बेंजामिन यांनी 1946 मध्ये असा गोळा योजला होता. पुढे 1952 च्या सुमारास कॅनडाच्या नौदलाच्या यंत्रणेत तर बोलिंगच्या खेळातला चेंडूच बसवला गेला. डग्लस एंगलबर्ट यांचा लाकडी माउस त्यानंतर, 1964 चा.

आपल्याकडे ट्रॅकबॉलला सबळ कारण आहे ते जागेचं. अरुंद काउंटर, त्यावर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, अर्जांचा गठ्ठा. माउस सरकवायला वीतभर जागा उरत नाही. ऑफिसच्या टेबलावर काच असते आणि काचेखाली देवाचा फोटो नि पतसंस्थेचं कॅलेंडर. नितळ काचेवर साधा ऑप्टिकल माउस अडखळतो. ट्रॅकबॉलला ना जागा लागते, ना पॅड. हात आणि खांदा जागच्या जागी राहतात.

पण ट्रॅकबॉल म्हणजे रामबाण, हा भक्तांचा दावाही टिकत नाही. अंगठ्याने फिरवायच्या ट्रॅकबॉलमध्ये मनगटाचा भार अंगठ्यावर जातो, आणि तोच अंगठा घरी गेल्यावर मोबाइलवर राबतो. ज्याचा अंगठा मुळाशी दुखतो, त्याने बोटांनी फिरवायचा गोळा घ्यावा. कॅडवाल्याने चाकाचं मधलं बटण सोयीचं आहे का, हे आधी पाहावं. गोळ्याखालच्या टेकूंवर मळ साचतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या धुळीत बसणाऱ्या अडत्याच्या दिवाणजीला गोळा वरचेवर काढून तो मळ पुसावा लागेल.

चौथा समज पैसेवाल्यांचा: महागातला 'अर्गोनॉमिक' माउस आणला की प्रश्न मिटला. टेबलाखालच्या सरकत्या फळीवर कीबोर्ड, आणि फळी अपुरी म्हणून माउस वर टेबलावर, ही आपली नेहमीची मांडणी. अशा वेळी हात दिवसभर वर आणि पुढे ताणलेला राहतो. तिथे उभ्या बांध्याचा माउस ठेवला तरी खांद्याची सुटका नाही. शिवाय कीबोर्डच्या उजवीकडचे आकड्यांचे खटके माउसला आणखी दूर लोटतात. हिशेबनिसाला ते हवेत. नुसतं मराठी टाइप करणाऱ्याला आखूड कीबोर्ड चालतो.

तेव्हा क्रम असा असावा. आधी जागा: माउस कीबोर्डला लागून, त्याच उंचीवर, कोपर अंगाजवळ. मग सेटिंग: पॉइंटरचा वेग इतका, की पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हात दोनदा उचलावा लागू नये. या दोन्हींना पैसा पडत नाही. त्यानंतर हाताच्या मापाचा माउस. बहुतेकांचं काम इथेच भागतं. साधा, मापाचा माउस पुरतो. जागाच नसेल किंवा खांदा कुरकुरत असेल, तरच ट्रॅकबॉलकडे वळावं, आणि हात सरावायला थोडे दिवस द्यावेत. डावखुऱ्यांनी दोन्ही हातांना चालेल असा सरळ बांध्याचा किंवा खास डाव्या हाताचा माउस मागावा. उजव्या हाताच्या वळणाचा माउस त्यांच्या गळ्यात मारू नये. मुंग्या आणि बधिरपणा हटत नसेल, तर दुकानदार सोडून डॉक्टर गाठावा.

राहिला 'परवडत नाही' हा शेवटचा आक्षेप. ज्या संस्थेला एसी परवडतो, तिला कारकुनाच्या मापाचा माउसही परवडतो. डझनाने एकसारखे माउस मागवून वाटण्याची खरेदीपद्धत तेवढी मोडायला हवी. दुकानदारांनी दोन-चार नमुने खोक्याबाहेर, हाताला लागतील असे ठेवावेत. आणि वाचकहो, चप्पल पायात घालून पाहिल्याशिवाय आपण घेत नाही. माउसही हाताखाली धरून पाहिल्याशिवाय घेऊ नका.