विश्वास ठेवा, विचारू नका

फेब्रुवारी 2011 मध्ये जपानच्या अणुनियामकांनी फुकुशिमा दाइची केंद्रातील पहिल्या अणुभट्टीला दहा वर्षांची मुदतवाढ दिली. भट्टी चाळिशीला टेकली होती, कागदपत्रे चोख होती, शिक्के उठले. पुढच्याच महिन्यात, 11 मार्चला, भूकंप झाला, त्सुनामी आली आणि त्या केंद्रातील हीच भट्टी सर्वांत आधी वितळली. जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने 2012 साली ही आपत्ती मानवनिर्मित ठरवली आणि कंपनी, सरकार व नियामक यांच्या साटेलोट्यावर बोट ठेवले. मुंबईपासून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या तारापूर अणुकेंद्राचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल उशाला घेऊन झोपायला हवे होते. तारापूरचे पहिले दोन संच अमेरिकेच्या त्याच जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे, उकळत्या पाण्याच्या त्याच जातीचे आणि फुकुशिमाच्या त्या भट्टीहून वयाने सुमारे दीड वर्ष थोरले आहेत.

28 ऑक्टोबर 1969 रोजी हे संच व्यावसायिक वीज देऊ लागले. इतक्या वयाच्या आणि अजून सेवेतून न काढलेल्या भट्ट्या आज जगात हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या आहेत. न्यू जर्सीतील ऑयस्टर क्रीक त्याच वर्षी सुरू झाले आणि 2018 साली बंद झाले. तारापूरच्या संचांची मूळ क्षमता प्रत्येकी 210 मेगावॉट होती. दुय्यम वाफनिर्मिती यंत्रातील नळ्या गळू लागल्या, ती यंत्रेच वापरातून काढावी लागली आणि क्षमता 160 मेगावॉटवर आली. ती कायमचीच. देशातील सर्वांत स्वस्त अणुवीज देणारे केंद्र असा तारापूरचा गौरव दरवर्षी होतो, त्यात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

2020 पासून दोन्ही संच प्रदीर्घ दुरुस्तीसाठी थांबवण्यात आले. भट्टीतून पाणी खेळवणारे पुनराभिसरणाचे जाडजूड पोलादी नळ बदलणे हे त्यातले सर्वांत मोठे काम. या जातीच्या भट्ट्यांत जोडकामाच्या जवळ पोलादाला सूक्ष्म तडे जातात, हा जगभरचा अनुभव आहे. त्यामुळे नळ बदलणे योग्यच. ज्या अभियंत्यांनी आणि कामगारांनी किरणोत्साराची मात्रा सोसत ते काम केले, त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या पोलादी पात्रात इंधन असते, ते पात्र बदलता येत नाही. न्यूट्रॉनचा मारा झेलून झेलून त्याचे पोलाद वर्षागणिक ठिसूळ होते. ते किती ठिसूळ झाले हे कळावे म्हणून त्याच पोलादाचे नमुने भट्टीत ठेवलेले असतात. ठरावीक काळाने ते काढून, तोडून तपासतात. तारापूरचे भवितव्य खरे तर या तपासणीच्या आकड्यांत दडलेले आहे. केंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या घिवलीच्या ग्रामस्थाने ते आकडे मागितले, तर त्याला कोणते उत्तर मिळेल?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला इतिहास पुरेसा आहे. डॉ. ए. गोपालकृष्णन 1993 ते 1996 या काळात अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कार्यकाळात, 1995 साली, मंडळाने देशातील अणुकेंद्रांच्या सुरक्षेतील सुमारे 130 त्रुटींची जंत्री तयार केली. त्यांतल्या 95 तातडीच्या मानल्या गेल्या. सरकारने तो अहवाल गोपनीय ठरवला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि मुंबई सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. 1962 च्या अणुऊर्जा कायद्यातील अठराव्या कलमाकडे बोट दाखवून सरकारने गुपित राखले आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे माहिती अधिकाराचा कायदा आला, पण हवा बदलली नाही. कुडनकुलम अणुकेंद्राचा सुरक्षा अहवाल खुला करा, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने 2012 मध्ये दिला, तेव्हा केंद्रे चालवणाऱ्या न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने दिल्ली उच्च न्यायालय गाठले. तारापूरचे जुने संच बंद करावेत, असे जाहीरपणे म्हणणाऱ्यांत हेच गोपालकृष्णन होते. ते झोळीवाले आंदोलक नव्हते. ज्या खुर्चीतून सुरक्षेचे दाखले दिले जातात, त्या खुर्चीत बसलेले गृहस्थ होते.

आणि गुपित तरी कशाचे? अण्वस्त्रांशी निगडित केंद्रांबाबत गोपनीयतेचा युक्तिवाद समजू शकतो. तारापूरचे पहिले दोन संच मात्र प्रथमपासून नागरी आहेत, 1970च्या दशकापासून व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला. मग फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांकडून इंधन आले. म्हणजे वॉशिंग्टन, पॅरिस, बीजिंग, मॉस्को आणि व्हिएन्ना या सर्वांचा या केंद्राशी कधी ना कधी कागदोपत्री संबंध आला. व्हिएन्नाचे निरीक्षक इंधनाचा हिशेब पाहतात, भट्टीची प्रकृती नाही, हे मान्य. तरीही परदेशी पाहुण्याला फाटक उघडायचे आणि शेजाऱ्याला ‘राष्ट्रहित’ ऐकवायचे, हा न्याय अजब आहे.

शेजारीही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. केंद्र उभे राहिले तेव्हा भोवती चिंचणी, उनभाट, दांडी, नवापूर अशी मच्छीमारांची आणि वाडी-शेतीची गावे होती. पुढे याच परिसरात बोईसरची तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. तिथल्या रासायनिक कारखान्यांतील स्फोट आणि आगी पालघर जिल्ह्याला नव्या नाहीत. 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेली आणि चाळींच्या जागी इमारती आल्या. 2005-06 मध्ये तारापूरलाच 540 मेगावॉटचे आणखी दोन संच सुरू झाले, ज्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. पुनर्वसनाचे गाऱ्हाणे तिथल्या प्रकल्पग्रस्तांना उच्च न्यायालयात न्यावे लागले. किनाऱ्यावर थोडे उत्तरेला वाढवण बंदर येऊ घातले आहे. 76 हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली.

आणीबाणीच्या आराखड्यात केंद्राभोवती 16 किलोमीटरचे वर्तुळ असते. त्या वर्तुळातल्या माणसांना बाहेर कसे काढायचे, हे कागदावर लिहिलेले असते. ज्याने सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी बोईसर ते चिल्हार फाटा हा रस्ता पाहिला आहे, त्याला हा कागद वाचताना घाम फुटेल. महामार्गाकडे जाणाऱ्या या मुख्य वाटेवर रसायनांचे टँकर, कामगारांच्या बस, टमटम आणि दुचाक्या एकमेकांना खेटून सरकत असतात. अपघात केवळ अणुकेंद्रातच होईल असेही नाही. औद्योगिक वसाहतीत मोठा वायुगळती अपघात झाला आणि त्याच वेळी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांची पाळी बदलायची असली, तर काय? या दोन आराखड्यांचा मेळ घातला आहे का, हे गावकऱ्यांना कोणी सांगितलेले नाही. मॉक ड्रिल होते, भोंगा वाजतो, छायाचित्रे निघतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणत्या गाडीत बसवायचे, हे मात्र कोळीवाड्यातल्या बाईला माहीत नसते.

त्यात जमीन हलू लागली. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच लागली. धुंदलवाडी परिसरातले आदिवासी थंडीत घराबाहेर झोपले. फेब्रुवारी 2019 मधला धक्का 4.1 तीव्रतेचा होता. अणुकेंद्र याहून कितीतरी मोठा भूकंप सोसेल अशा बेताने तपासले आहे, असे अधिकारी सांगतात आणि ते खरे असू शकते. 2005-06 मध्ये केंद्र काही महिने बंद ठेवून नवे डिझेल जनित्रसंच बसवले गेले, दोन्ही संचांच्या सामाईक यंत्रणा वेगळ्या केल्या गेल्या, हेही खरे. फुकुशिमाच्या तुलनेत तारापूरच्या संचांची शक्ती कमी आणि त्या मानाने बंदिस्त कवचाचे आकारमान मोठे, हा अधिकाऱ्यांचा मुद्दा तर दमदारच आहे. अरबी समुद्रात त्सुनामीचा धोका मुख्यतः दूरच्या मकरान किनाऱ्याकडून आहे. 1945 साली तिथे भूकंप झाला तेव्हा लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या, पण जपानसारखी भूपट्ट्यांची सीमा आपल्या दाराशी नाही. हे सगळे मुद्दे बिनतोड असतील, तर ते आकड्यांसह मांडायला संकोच कशाचा? पत्रकार परिषदेत ‘पूर्ण सुरक्षित’ हे दोन शब्द उच्चारणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. पूर्ण सुरक्षित असे जगात काहीच नसते, हे अणुशास्त्रज्ञांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

अणुवीजविरोधकांचा प्रत्येक दावा ग्राह्य धरावा, असे आम्ही म्हणत नाही. कोळशाची राख आणि धूर माणसे मारतात, तेही रोज आणि गाजावाजा न करता. डहाणूचे औष्णिक केंद्र याच किनाऱ्यावर आहे. भारताला कोळशातून बाहेर पडायचे तर अणुवीज लागेल, ही भूमिका प्रामाणिकपणे घेता येते आणि ती घेणाऱ्याने तर तारापूरच्या जुन्या संचांबाबत अधिक काटेकोर असले पाहिजे. एका म्हाताऱ्या भट्टीतील अपघात देशातल्या सगळ्या नव्या भट्ट्यांचा कार्यक्रम गुंडाळून ठेवील. शिवाय हिशेब पाहा: दोन्ही संच मिळून 320 मेगावॉट. महाराष्ट्राची कमाल मागणी 30 हजार मेगावॉटच्या घरात गेली आहे. दोन्ही संच एकाच वेळी वर्षानुवर्षे बंद होते, तेव्हा त्यांच्यामुळे एकाही गावात अंधार झाला नाही. म्हणजे हे संच चालवणे ही राज्याची निकड नाही, ती चालवणाऱ्यांची निवड आहे. अशा वेळी ती निवड योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी चालवणाऱ्यांची असते. भीती खरी असल्याचे सिद्ध करा, असे मच्छीमाराला सांगणे हा उलटा न्याय झाला.

स्वित्झर्लंडमधील बेझनाऊची पहिली भट्टी तारापूरच्याच वयाची, 1969 सालची. 2015 मध्ये तिच्या पोलादी पात्रात दोष आढळले, तेव्हा ती तीन वर्षे बंद राहिली. दोष कशाचा, तो धोकादायक का नाही, हे कंपनीला नियामकापुढे मांडावे लागले आणि नियामकाने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. विरोधकांचे समाधान झाले नाही. ते भांडत राहिले, न्यायालयात गेले. पण त्यांच्या हाती भांडण्यासाठी कागद होते. अमेरिकेत परवान्याच्या मुदतवाढीचा अर्ज, त्यावरील आक्षेप आणि नियामकाचे उत्तर कोणीही वाचू शकतो. आपल्याकडे जुन्या ट्रकला आरटीओत पासिंग करून घ्यावे लागते आणि त्याची तारीख काचेवर दिसते. अणुभट्टीची पासिंग तारीख काय आहे आणि ती कोणत्या तपासणीवर दिली, हे तिच्या शेजाऱ्यालाही कळू नये?

नियामक मंडळ हीच यातली जुनी दुखरी नस. 1983 साली स्थापन झालेले हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते आणि त्या आयोगाचे अध्यक्ष म्हणजे अणुऊर्जा विभागाचेच सचिव. केंद्र चालवणारी कंपनीही त्याच विभागाची. महालेखापालांनी 2012 मध्ये यावर कडक ताशेरे ओढले. स्वतंत्र नियामकासाठी 2011 मध्ये आणलेले विधेयक लोकसभेची मुदत संपताच बारगळले. अखेर डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला आणि त्याच झटक्यात अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना उघडले. दर्जा मिळाला हे स्वागतार्ह. पण वैधानिक दर्जा मिळाल्याने कुणी आपोआप स्वतंत्र होत नाही. नियामकाच्या स्वातंत्र्याची पहिली कसोटी तारापूर आहे. मंडळाने तारापूरच्या दोन संचांचा संपूर्ण वयोमान-आढावा, पात्राच्या नमुन्यांच्या निष्कर्षांसह, मराठीत प्रसिद्ध करावा. घिवलीपासून बोईसरपर्यंत जनसुनावणी घ्यावी आणि तिथे केंद्राबाहेरच्या तज्ज्ञांना प्रश्न विचारू द्यावेत. जिल्हाधिकाऱ्यांनी औद्योगिक वसाहत, बंदर आणि अणुकेंद्र यांचा एकत्रित आपत्ती आराखडा ग्रामपंचायतींच्या हाती द्यावा. हे होईपर्यंत या संचांना मुदतवाढ देऊ नये आणि दिली असेल तर ती गोठवावी.

यातला सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतोच, तो पैशाचा. आज ना उद्या हे संच मोडीत काढावे लागतील. किरणोत्सारी झालेले पोलाद, काँक्रीट, साठवलेले वापरलेले इंधन यांची विल्हेवाट लावायला काही दशके लागतात आणि परदेशात अशा एकेका केंद्रावर हजारो कोटी रुपये खर्ची पडले आहेत. आपल्याकडे त्यासाठी प्रत्येक युनिटमागे दोन पैसे बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. हे दोन संच वर्षभर एक क्षणही न थांबता चालले, तर सुमारे 280 कोटी युनिट वीज होईल. त्यातून साठणार साडेपाच कोटी रुपये, आणि संच बंद असलेल्या वर्षांत शून्य. देशातील एकाही केंद्राकडे मोडीत काढण्याचा आराखडा नसल्याचे महालेखापालांनी 2012 मध्येच नोंदवले होते. तारापूरचे आयुष्य वाढवण्याचा निर्णय खरोखर सुरक्षेच्या अभ्यासावर घेतला जातो की ते बंद करायला लागणारी रक्कम गाठीशी नाही म्हणून, याचा खुलासा अणुऊर्जा विभागाने करावा. त्यासाठी तरी गोपनीयतेची ढाल पुढे करण्याचे कारण नाही.