आधी पुरावा, मग दुरुस्ती

स्मरणिकेत इमारती, देणग्या आणि निकाल यांची नोंद होतेच. आम्ही मात्र संगणक कक्षातील कोपऱ्यात, टेबलाखाली अहोरात्र चालणाऱ्या एका जुन्या संगणकाविषयी लिहू इच्छितो. तोच आपला गेटवे आणि तोच फाइल सर्व्हर.

त्याची रचना साधी आहे. त्यात दोन नेटवर्क कार्डे आहेत; एकास बाहेरून आलेली इंटरनेटची तार जोडलेली, दुसऱ्यास कक्षातील स्विच. कक्षातील प्रत्येक संगणकास १९२.१६८ ने आरंभ होणारा खासगी पत्ता तोच देतो. बाहेरच्या जगास मात्र सर्वांचा मिळून एकच पत्ता दिसतो. त्यावरील लिनक्स आणि सांबा या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत. दोहोंचा आरंभ विद्यार्थ्यांनी केला: १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा, तर त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबाचा.

गतवर्षी दहावीचे प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या दिवशी निम्म्या संगणकांवरून फाइली दिसेनाशा झाल्या. बाहेरून बोलाविलेल्या तंत्रज्ञाने सर्व काही बंद करून पुन्हा सुरू केले आणि अखेर सर्व्हर कोरा करून नव्याने उभारण्याचा सल्ला दिला. फाइलींची दुसरी प्रत नव्हती. ती चूक आमचीच. तरीही आम्ही होकार देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बंद पडलेल्या संगणकांचे पत्ते पाहिले का?"

पाहिले, तर ते पत्ते आपल्या सर्व्हरने दिलेलेच नव्हते! व्हरांड्यात वायफाय मिळावे म्हणून आमच्यापैकीच कोणी एक जादा राउटर स्विचला जोडला होता आणि तोही पत्ते वाटू लागला होता. त्याची तार काढली, संगणकांनी नवे पत्ते घेतले आणि सर्व प्रकल्प जसेच्या तसे दिसले.

साधने तपासल्याविना निष्कर्ष काढू नये, हे आम्ही इतिहासाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र विसरलो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, या यंत्राची देखभाल विद्यार्थ्यांनीच शिकावी. तपासणीचा क्रम ठरलेला असावा: आधी तारेवरील दिवा, मग संगणकाचा पत्ता, मग गेटवे उत्तर देतो का, मग बाहेरचा एखादा अंकी पत्ता आणि शेवटी संकेतस्थळाचे नाव. अंकांनी पोहोचता येते पण नावाने नाही, तर दोष नावाचा पत्ता शोधणाऱ्या सेवेत आहे, एवढे मुलांस सहज कळते. केलेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवहीत लिहावा. दर आठवड्यास फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. पासवर्ड एकाच शिक्षकाच्या स्मरणात राहू नये.

आम्ही उद्या निवृत्त होऊ. नोंदवही मात्र कक्षातच राहिली पाहिजे आणि ती वाचणारी मुलेही.