वाशिमच्या कार्यालयांनी पब्लिक की जाहीर करावी

मुद्दा १. वाशिमचे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि पोलीस अधीक्षक कार्यालय यांनी संकेतस्थळावर ई-मेल पत्त्याशेजारी आपली ओपनपीजीपी पब्लिक की द्यावी. पब्लिक की म्हणजे सगळ्यांना वाटलेले उघडे कुलूप. ते कोणीही लावावे, उघडणारी प्रायव्हेट की मात्र कार्यालयाकडेच. मधल्या सर्व्हरवर कोणी मेल चाळला तरी हाती अगम्य अक्षरेच लागतात. केंद्राची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन अशी की जाहीर करतेच.

मुद्दा २. गरज गावात जास्त आहे. मानोरा किंवा रिसोड तालुक्यात रोजगार हमीच्या हजेरीपटाबद्दल तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघे एकाच पारावर बसतात. तक्रार फुटली तरी तक्रारदाराला तिथेच राहायचे असते. घरातल्या मारहाणीबद्दल लिहिणाऱ्या बाईचे तर विचारूच नका.

मुद्दा ३. ‘आमच्याकडे विंडोज, त्यांच्याकडे दुसरेच काही’ ही सबब चालणार नाही. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये मेल कुलूपबंद करणारे पीजीपी हे सॉफ्टवेअर आणले. त्यातूनच ओपनपीजीपी हे खुले मानक तयार झाले, त्याला अमुकच कंपनीचे यंत्र लागत नाही. थंडरबर्ड हे ई-मेलचे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट चालते आणि २०२० पासून ही सोय त्यात अंगचीच आहे. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी ओपनकीचेन हे ॲप आहे. खरी अडचण पुढे येते. आउटलुक आणि ॲपल मेल यांच्यात मुळात एस-माइम ही वेगळी पद्धत आहे, ती ओपनपीजीपीशी जुळत नाही. तयारी नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी ‘एनक्रिप्टेड डॉट एएससी’ नावाची फाइल दिसते आणि कारकून मेल बिघडला समजून तो पुसून टाकतो. २०१३ मध्ये अमेरिकी हेरगिरीची गुपिते उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्यासाठी हे शिकवणारा व्हिडिओ तयार केला, तरी त्या मुरलेल्या पत्रकाराकडून हे जुळवणे राहूनच गेले. म्हणून प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात मराठीतले सचित्र पान लावा. त्यावर ठळक लिहा: विषयाची ओळ बहुधा उघडीच जाते, तिथे नाव-गाव नको, पाठवणाऱ्याचा पत्ताही झाकला जात नाही, आणि केंद्राच्या सामाईक संगणकावर आपली प्रायव्हेट की कधीही ठेवू नका.

मुद्दा ४. की खरी आहे हे पडताळता आले पाहिजे. तिचा ठसा म्हणजे सहसा चार-चार अक्षरांचे दहा गट. नागरिकांची सनद लावतात त्याच फलकावर तो छापा. फोनवर गटागटाने वाचून दाखवायला मिनिटभर पुरते.

मुद्दा ५. मजकूर युनिकोडमध्येच हवा. कृतिदेवमध्ये टाइप केलेले उत्तर कुलूप नीट उघडूनही, तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर किंवा फोनवर वाचताच येत नाही.

मुद्दा ६. कायद्याची भीती घालू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ८४अ केंद्राला कूटलेखनाच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार देते, त्यात नागरिकाला मनाई नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला.

मुद्दा ७. मेल उघडल्यावर त्याची प्रिंट टेबलावर पडून राहणार असेल तर सगळी मेहनत पाण्यात. उघडण्याचा अधिकार एका नेमलेल्या अधिकाऱ्याला आणि एका पर्यायी अधिकाऱ्यालाच द्या. की माणसाच्या नव्हे, पदाच्या नावे काढा. अधिकाऱ्याची बदली झाली की प्रायव्हेट कीचा सांकेतिक शब्द बदला, आणि कार्यभार सोपवण्याच्या कागदात की कोणाकडे दिली याची नोंद सहीनिशी घ्या.